लोकरीने दाखवलेला जिना

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे साहेब; व्यासपीठावरील मान्यवर; कृत्रिम पाय बनवणाऱ्या या कार्यशाळेतले माझे सहकारी; आमच्याकडे पाय बसवून घेतलेली मंडळी; आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या नियोजनाच्या बाई, सर्वांना नमस्कार.

मी साचेवाला. माझे हात कायम प्लास्टरने माखलेले, तेव्हा माइक पुसून परत करीन, काळजी नसावी.

बाई आल्या तेव्हा कार्यशाळा बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. एका पायाला महिनोन् महिने लागत. मी म्हणायचो, पाय घासून मापात आणणारा घासाईवाला झोपा काढतो. तो म्हणायचा, साचाच उशिरा येतो. बाईंनी कुणालाच जाब विचारला नाही. त्यांनी आणलं काय? लाल लोकरीचा गुंडा! म्हणाल्या, "माणसांच्या मागे नाही लागायचं, पायाच्या मागे लागायचं." पाय जिथे जाईल तिथे लोकर बांधत न्यायची.

घासाईवाल्याने विचारलं, "बाई, स्वेटर कुणाचा?"

"तुमच्या नोकरीचा. थंडी पडायच्या आत झाला तर बरं!"

आणि लोकर साचली कुठे? जिन्यावर. कठडा दिसेनासा झाला. कारण पाय बसवून बघायची खोली वरच्या मजल्यावर. सैल झाला, न्या खाली. घट्ट झाला, पुन्हा खाली. आणि ज्याला पायच नाही, त्याला मुलगा नाहीतर भाऊ पाठीवर घेऊन वर चढवणार! माणसं दमून परत जायची, पुढची तारीख घेऊन. इतकी वर्षं आम्ही त्याच जिन्याने ये-जा केली, कुणाच्या डोक्यात आलं? खोली वर का, तर खाली साहेबांची केबिन होती. (साहेब, हसताय ना? मग पुढे बोलतो.)

बाईंनी गुंडा साहेबांच्याच हाती दिला. "साहेब, एका पायाबरोबर तुम्ही फिरून या."

साहेब फिरले, वरखाली करून धापा टाकत पायरीवर बसले. तेवढ्यात एक शिक्षिका भावाच्या पाठीवरून वर निघाल्या. त्यांना वाट द्यायला साहेब उठले आणि गरजले, "माझं टेबल वर न्या! आत्ताच्या आत्ता!"

खोली खाली आली, घासाई तिच्या शेजारी. महिन्यांचं काम आठवड्यांवर आलं. आम्हाला टाळं लावायला आलेले अधिकारी दुसरी कार्यशाळा काढायचं ठरवून गेले. बाई, आम्ही जिंकलो! आमच्या चुली तुम्ही पेटत्या ठेवल्यात, हे मी सगळ्यांदेखत सांगतो.

सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुठे गुंता झाला असेल तर पोटात घाला. साचेवाल्याची जीभ आहे.

आता बाईंना पुष्पगुच्छ द्यायला त्याच शिक्षिका येत आहेत. त्या तिकडे दारात उभ्या आहेत. मधल्या खुर्च्या जरा सरकवा. भाऊ, तुम्ही बसून राहा. त्यांच्या त्या चालत येतील.