वीस टनांची हौस

खोदकामाची मशीनं भाड्याने देणाऱ्याच्या काउंटरवर माझ्यापुढे एक नवरा-बायको होते.

"वीस टनांचं मशीन द्या. घरामागे तळं खणायचंय."

"केवढं तळं, साहेब?"

"दोन बदकांपुरतं."

"अहो, त्याला वीस टन?"

"बदकं वाढतील की!"

"आपला बोळ चार फुटांचा. हे धूड मागे जाणार कुठून?"

"तुझ्या स्वयंपाकघरातून. भिंत तशी जुनीच आहे."

"लावा भिंतीला हात, मग बदकांतच संसार मांडा!"

"वहिनी, हे दीड टनाचं बोळातून आरामात जाईल."

"एवढंसं? यात बसलो तर माझे गुडघे कानाला लागतील."

"तुम्हाला बसवतंय कोण? भाऊ, हेच द्या. मी शिकेन चालवायला."

"आणि मी काय करू?"

"मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडा."

"...भाऊ, शिट्टी भाड्याने मिळते का?"