पोटातले मोड

माझं माहेर गडबचं, बाप भातशेतीवाला, आणि लग्न करून आली ती रोह्याला. आमचे हे नागोठण्याच्या कंपनीत कंत्राटावर, शिफ्टला जायचे, येताना माझ्यासाठी गरम भजी आणायचे, अजून आणतात.

नव्वद सालानंतरची गोष्ट, ह्यांचं पोट जळायला लागलं, जेवण जाईना, माणूस पांढराफटक पडला. पेणच्या डॉक्टरांनी तोंडातनं दुर्बीण घातली, बोलले, पोटात मोड आलेत, आपल्या वालाला येतात ना तसे. तुकडा तपासला, बोलले, कॅन्सर नाय, साधे हायत, गोळ्या घ्या आणि वर्षानं परत दाखवा. तर काय सांगू तुम्हाला ताई, ह्यांनी कॅन्सर तेवढं ऐकलं, पुढचं ‘नाय’ ऐकलंच नाय.

घरी आल्या आल्या मला बोलले, गो, सायकल शिक. मी बोलली, वेड लागलंय काय, दोन पोरांची आय मी, लोकं हसतील. तर बोलले, मी गेल्यावर बाजार कोण करील? मग रोज संध्याकाळी नदीच्या कडेला मी पदर खोचून सायकलवर, आणि हे मागनं धरून धावतायत, आजारी माणूस, धापा टाकतोय. मी रडायची, त्यांना वाटायचं पडायला घाबरते. दिवाळीला मीच ह्यांना मागं बसवून बाजारात नेलं, सगळा रोहा बघत होता.

वर्षानं परत दुर्बीण घातली. डॉक्टर बोलले, गोळ्या लागू पडल्या, बारके मोड जिरले, पण एक वाढलाय. घरात कोण धड जेवलं नाय तेव्हा. मुंबईला नेऊन दुर्बिणीतनंच तारेचा फास टाकून तो काढला, पोट फाडलं नाय, तपासला तर साधाच. ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, नाय म्हणजे नायच ना? डॉक्टर हसले, बोलले, व्हय, नायच.

मग दरवर्षी पेणला दाखवायचो. एखादा नवा यायचा, आहे तेवढाच राहायचा, कधी आपोआप जायचा. शेवटी डॉक्टर बोलले, आता तुमचं वय झालं, ह्या मोडांनी काय होत नाय, नका येत जाऊ. एसटीत ह्यांचं तोंड उतरलेलं. बोलले, गो, मग आता पेणला काय म्हणून यायचं आपण? मी बोलली, मला साडी घ्यायला.

परवाच जाऊन आलो. साडी एक पण पसंत पडली नाय, पण दिवस कसा गेला कळलं नाय. तुमचे पण दिवस असेच जावोत, ताई.