निळाच राहिलेला कागद

दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या आजी आपली दाढ विसरून ऐकत होत्या. शेजारी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आणि प्रयोगशाळेतले शिपाईमामा.

"मामा, तपासणीच्या साहेबांसमोर आम्लात निळा लिटमस बुडवला, तर तो निळाच! बाटलीत काय होतं?"

"साहेब येणार म्हणून सोड्यानं घासली होती. राहिला असेल तळाशी."

"माझी नोकरी कायम व्हायची होती हो!"

"साहेब काय म्हणाले?"

"'वा! लाल झाला.'"

"डोळे की गोट्या?"

"पुस्तकात तसंच आहे ना! पोरांनीही लालच लिहिलं. एकीनंच लिहिलं, निळा."

"तिला भोपळा?"

"मी दिले पैकीच्या पैकी. साहेबांनी कारण विचारलं, मी तो लिटमसच त्यांच्या हातात दिला."

"मेलो! मग?"

"म्हणाले, 'माझा चष्मा बदलायला हवा.' आणि केली माझ्या नोकरीच्या कागदावर सही."

"पुढच्या खेपेला आणखी चकचकीत घासतो, बाई!"

"पाया पडते मामा, बाटली घाणच राहू द्या!"