घेण्यास नकार

मंडळी, एक विचारतो — दारात येईल त्याला घरात घ्यायचंच का? आलेल्याला पाणी विचारावं, ही आपली रीत. खरी आहे! पण न बोलावता जो रोज येतो आणि आपल्याच माणसाची जागा अडवून बसतो, त्याचं काय करायचं? ऐका तर मग!

कराडात दगडूतात्या गुरव म्हणून पोस्टमन होते. छत्तीस वर्षं टपाल वाटलं — एक चिठ्ठी इकडची तिकडे नाही! निवृत्त झाले तरी नेम तोच. पत्त्यावर नाव आहे ना? मग ते टपाल, आणि टपाल फेकून द्यायचं नाही! आता हल्ली दारावरच्या टपालपेटीत येतं काय? साड्यांचा सेल, सोफ्यांची गुळगुळीत पुस्तकं, गुडघ्याचं तेल! (हसू नका, तुमच्याही कपाटावर आहेत!) तात्या ते सगळं न उघडता गठ्ठे बांधून रचून ठेवत.

पेटी मात्र रोज उघडायची. कशासाठी? एका पत्रासाठी! थोरली बहीण अनसूयाअक्का पाटणकडच्या खेड्यात राहायची. अकरा वर्षांपूर्वी, आईच्या तेराव्याला दोघांत वाजलं. तात्या बोलून गेले, "तुझं तोंड बघणार नाही!" बोलले, आणि त्याच रात्री पस्तावले. पण आधी नमतं कोण घेणार? अक्कानं एक ओळ लिहावी, मी धावत जाईन — एवढ्या आशेवर माणूस जगत होता हो!

संक्रांतीला शेजारची सून आली. "तात्या, फळीवर घालायला कागद द्या की." तात्यांनी साड्यांचं जाड पुस्तक झटकलं — आणि आतून कार्ड पडलं! अक्षर अक्काचं. शिक्का चार महिन्यांपूर्वीचा!

"दगडू, काचबिंदूनं डोळे चाललेत. दिसतंय तोवर तुझं तोंड बघायचंय. दसऱ्याला कराडच्या स्टँडवर येते. आला नाहीस, तर राग गेला नाही असं समजेन."

आली होती मंडळी, ती आली होती! पदरात आपट्याची पानं बांधून शेवटच्या एसटीपर्यंत बसली होती.

तात्या तसेच अनवाणी अक्काच्या गावाला निघाले. अक्का ओसरीवर होती. "कोन हाय?"

"मी दगडू. अक्का, तुझं कार्ड... आज मिळालं."

"पोस्टमनच्या घरात?"

तात्यांनी पायांवर डोकं ठेवलं. अक्कानं चाचपत त्यांचं तोंड ओंजळीत धरलं. "उशीर केलास रं. आता हातानंच बघते."

परत आल्यावर तात्यांनी गठ्ठे रद्दीत घातले. दुकानांना कळवलं, माझं नाव यादीतून काढा. तरीही एखादं पुस्तक आलंच, तर त्यावर पोस्टातला जुना शेरा लिहीत — 'घेण्यास नकार' — आणि दारातूनच परत! आता पेटीत आठवड्याला एकच कार्ड येतं. अक्का सांगते, नात लिहिते.

मंडळी, घरी जाल तेव्हा एकेक पुस्तक झटकून बघा. आणि मग जरा मनाची पेटीही उघडा. देवानं तुम्हाला कार्ड टाकलंय — कधीचं! ते कुठल्या सेलमध्ये अडकलंय? तो स्टँडवर वाट बघत बसलाय हो. शेवटची गाडी सुटायच्या आत निघा!