खाऱ्या पाण्याचा खुराक

—वाचून दाखवतो ना बाई, वहीतच आहे सगळं. बारा जानेवारी, सोमवार, चामोर्शी. आभाळ साफ, सकाळी धुकं, थंडी अशी का ड्रमवर गोधडी टाका लागली — हसू नका, गोधडी तेल खाणाऱ्या जंतूंच्या ड्रमवर होती, मी तसाच झोपलो. मंगली, म्हणजे माही बायको, म्हणते का इतकी काळजी तुमी माह्या मायची केली असती तं ती अजून जगली असती. बुढी नव्वदीत गेली, तरी असं बोलते. मंग खाली लिवलं आहे — आठ वाजता जहाजं तोडाच्या यार्डातून बाई आल्या, म्हणजे तुमी, दोन दिवसांचा प्रवास करून, सोबत बरणीत जहाजाचं पाणी. समुद्राचं खारं पाणी अन् इंजिनाचं तेल, जहाजाच्या बुडात साचते ते. त्यात म्या माहे जंतू लोटाभर टाकले. सहा तासांत तेल निम्मं झालं पायजे — झालं तं मी, श्रीहरी, पुन्हा यार्डातल्या टाकीवर नोकरीले, नाई झालं तं इथीच. बरोबर सांगून राह्यलो ना? दोनाले अजून वीस मिनिटं आहेत, चहा घ्या.

जंतू कुठचे म्हणता — जाफरभाऊच्या गॅरेजमागच्या नालीतले, दुसरीकडचे कुठचे. ट्रकाचं जळकं तेल पिऊन तिथला चिखल डांबरावानी काळा झाला, त्यात जो जगला तो काहीबी पचवते. फक्त मीठ नाई चालत त्याईले, एकदम खाऱ्या पाण्यात टाकले का आकसून मरतेत. म्हणून आठवड्याले एक मूठ मीठ, जास्त नाई — नव्या सुनेले सासूचा स्वभाव कसा हळूहळू कळू द्या लागते, तसं. सोळा आठवडे. अन् रोज वाटीभर जळकं तेल. तुमच्या साहेबानं काय केलं? फॉरेनचे जंतू आणले, पाकिटातले, तीन दिवसांत मेले, पाकिटावरचा फोटो तेवढा जिवंत राह्यला.

माही नोकरी काऊन गेली? साहेबानं काय सांगितलं तुमाले? — हो, तसंच झालं, खोटं कायले बोलू. आमच्या इथी शंकरपट होता, बैलाईची शर्यत, जोडी मोठ्या भावाची पण शर्यतीत हाकणारा मी. तीन दिवसांची सुट्टी घेतली अन् आठ दिवस राह्यलो. तिकडे टाकीत हवा सोडणारी मोटर बंद पडली, कोणी पाह्यली नाई, टाकी काळी पडली, सारं यार्ड नाकाले रुमाल लावून फिरे. बैल तिसरे आले अन् टाकी मेली, वहीत दोन्ही एकाच पानावर आहे.

तवापासून ठरवलं, जंतूले हयगय नाई कराची. काल तं खास — पटाच्या आदल्या दिवशी बैलाले खुराक देतेत ना, पीठ, गूळ, तसाच — शेरभर वाळले मोहफुलं भिजवले, कुस्करले, अन् सोडले ड्रमात. सकाळी तुमी पाह्यलंच, फेस कसा काठाले आलता, बुडबुडे कसे थांबत नव्हते — म्या म्हटलं, आज बाई पाहतीन का जंतू कसे अंगात आले, भरल्या पोटानं हे तेलाचा —

लिवाच्या काऊन थांबल्या?

नाई, थांबा, बोलू नका, मले समजू द्या. मोहफूल म्हणजे साखरच. लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसापुढं कोणी ग्रीसचा डबा ठेवला — खाईन का तो? बोटबी नाई लावणार. सोळा आठवडे तेलाबिगर काई दिलं नाई म्या, एक दाणा नाई, अन् कालच — मंगली म्हणे, कायले देता, बाई येऊन राह्यली, पाहुणी ती आहे का हे जंतू. म्या तिलेच दटावलं. पाच दिवस नुसत्या तेलावर ठेवले तं पुन्हा कामाले लागतीन, लिहून देतो. तुमी थांबसान का? — हो, उद्या दुसऱ्या माणसाकडे जाचं आहे तुमाले. त्याचे जंतू आहेत का तयार? — असतीन. त्याले बैल नसतीन.

टाका बरणीत तेल मोजाचं मीटर. मधात धरा, तळाले नका टेकवू, तिथं चिखल बसते. चहा राहू द्या, थंडा झाला. गडचिरोलीची बस अडीचले चौकातून निघते, हात दाखवाल तं थांबते. निघा तुमी. आधी तेल दोनशे दहा होतं, आता दोनशे सात आहे.