राणीचं शेपूट

महेंद्र : परत येत नाय, आई. आपल्या भिंतीवरच्या पालीचं येतं. क्रेस्टेड गेकोचं एकदा तुटलं की तुटलं.

कमळाबाई : मग काय करू, सुतक पाळू? आज सुनेचं डोहाळजेवण झालंय घरात, आणि तू तोंड पाडून बसलायस पालीच्या शेपटासाठी!

महेंद्र : पाल नको ना बोलू. गेको.

कमळाबाई : पालच ती. डोळ्यावर झालर आली म्हणून पालीची काय नवरी होते?

महेंद्र : मी सकाळीच सांगितलं होतं, आज त्या खोलीचं दार उघडायचं नाय. राणी अंडी घालायला आलीय. मग अनितामावशीला आत सोडलं कोणी?

पल्लवी : मी सोडलं. मावशीला साडी बदलायची होती. त्यांना काय ठाऊक, काचेच्या कपाटात तुमी झाडं लावून जनावरं ठेवलीत! त्या साडी ठेवायला गेल्या, राणीनं खांद्यावर उडी मारली.

महेंद्र : मावशी केवढ्यानं ओरडली! घाबरून राणीनं शेपूट टाकलं.

कमळाबाई : आणि अनिताचं काय? आपण शकुन-बिकुन मानीत नाय म्हणून गावभर भाषण देणारी बाई. पण शेपूट पदरावर वळवळलं तशी मोरीत पळाली, डोक्यावरून अंघोळ करून आली. वर मलाच बोलते, कोणाला सांगू नको.

महेंद्र : राणीला स्ट्रेस आला असेल.

कमळाबाई : स्ट्रेस! बाहेर बाया पत्रावळीनं वारा घेत होत्या. वंदना झाली, पंचशील झालं, ओटी भरायला घेतली तर हिचं कुंकू घामानं नाकावर आलं. आणि गार खोलीत कोण? दोन पाली!

महेंद्र : अगो, सव्वीस डिग्रीच्या वर गेलं की राणी गळते. या टाइमाला मादीला जपायला लागतं.

पल्लवी : आणि मला?

महेंद्र : तुला फॅन आहे ना.

कमळाबाई : ऐकलंस? मला बोलला होता, येणाऱ्या बाळासाठी एसी घेतो. मी सगळ्या आळीला सांगत फिरले.

महेंद्र : मग येतीलच की बाळं. दोन अंडी घातली तिनं.

कमळाबाई : मुडद्या!

पल्लवी : जाऊ द्या, आई. दादा कधीचा बाहेर जीप घेऊन उभा आहे. उजेडात म्हशाला, माहेरी पोचायला हवं. मी निघते.

महेंद्र : आजच?

पल्लवी : पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की जायचं, हे महिन्यापूर्वीच ठरलंय. तुमी तिथंच बसला होतात.

महेंद्र : हो, पण मग दिवसा राणीच्या कपाटात पाण्याचा फवारा कोण मारेल? मी सकाळी आसनगावला गाडी धरतो, तो अंधार पडल्यावर घरी. आईला तर किळस.

पल्लवी : म्हणून थांबू?

महेंद्र : थांब असं नाय बोलत. पण तुझा हात बसलाय. कॅल्शियमची पावडर, केळ्याचा लगदा, ओलं शेवाळ, सगळं तुला बरोबर जमतं. आता तर कॅल्शियम चुकून चालणार नाय. अंडी घालून घालून मादी आतून पोकळ होते.

कमळाबाई : हिच्या कॅल्शियमच्या गोळ्या संपल्यात. तुला सांगून आठवडा झाला.

महेंद्र : अरे हो. उद्या आणतो.

पल्लवी : उद्या मी इथं नसेन. दादानं आणल्यात.

महेंद्र : बरं झालं.

पल्लवी : ती अंडी कधी फुटतील?

महेंद्र : जुलैचा शेवट. फार तर ऑगस्टचे पहिले दोन दिवस. मी अंदाजानं त्या आठवड्याची सुट्टीसुद्धा आधीच टाकून ठेवलीय.

पल्लवी : आणि माझे दिवस कधी भरतात?

महेंद्र : तुझे? तू तर म्हशाला असशील ना.

कमळाबाई : तोच आठवडा रे, तोच! डॉक्टरीण तुझ्यासमोर बोलली, तेव्हा तू फोनमधे पालीचे फोटो बघत होतास.

महेंद्र : अरे बापरे.

पल्लवी : मला वाईट वाटलं आज. ओटी भरत होत्या तेव्हा मी सारखी दाराकडं बघत होते. तुमी त्या खोलीत, शेपूट टिश्यूत गुंडाळत होतात.

महेंद्र : पल्लवी, चुकलं माझं. खरंच.

पल्लवी : एक सांगा. नराला दुसऱ्या पेटीत का हलवलंत मघाशी?

महेंद्र : अंडी घातली की वेगळं करावं लागतं. नर जवळ असला की तिला आराम नाय मिळत. सारखा मागं लागतो, ती खंगत जाते.

पल्लवी : परत जवळ कधी सोडतात?

महेंद्र : त्याची घाई नाय करायची. तिचं वजन भरलं, नीट सावरली, की मग.

पल्लवी : बरं. मीपण तशीच येईन.

कमळाबाई : चल गो, पिशवी माझ्याकडं दे. जपून, पायरी उंच हाय.

(बाहेर जीपचा हॉर्न वाजतो.)

महेंद्र : थांब ना! मी येतो सोडायला, म्हशापर्यंत. दोन दिवस राहीनसुद्धा.

पल्लवी : आणि फवारा कोण मारेल?