निघाली असं लिहिणार नाय

नाय, आधी बसा तुम्ही. उभ्या-उभ्या भांडायचं असेल तर बाहेर रोशन गेटला जागा लई आहे. आणि तो मोबाईल ठेवा खिशात — व्हिडिओ दाखवू नका, बघितलाय मी. तुम्हीच ना ते अभय, वाळूजचे, चॅनलवाले? तेच. चारशे लोक लाइव्ह बघत होते, गेममधल्या तुमच्या पोलिसाला मदतीच्या गाडीचा बॅकअप मिळाला नाय आणि लोक हसले. हसले तर हसले. त्यासाठी कंपनीत सुट्टी टाकून इथपर्यंत आलात — कमाल आहे. आणि भैया कुठंय म्हणून काय विचारता सारखं? भैया पुण्याला नोकरी करतो. अझहर, माझा धाकटा भाऊ. गेमला वरून जोडायचा तो मॉड आमचा; त्यातलं शहर त्यानं बसवलं, बॅकअप मी बघते. जाहेदा म्हणजे मीच. मॉडच्या पानावर या दुकानाचा नंबर आहे, तर दिवसभर फोन येतात, बाईचा आवाज ऐकला की म्हणतात, भैयाको दो. मी म्हणते, भैयाला काय द्यायचं ते मला द्या, शिव्याच द्यायच्या आहेत ना.

तर तुमचं म्हणणं काय, बॅकअप चालत नाय. चालत नाय कसा? चालतोय म्हणूनच आला नाय. — थांबा, सांगते ना. अझहरनं मेहनत केली बरं का, नाय म्हणत नाय मी. परदेशी गेम, त्यात आपण पोलीस व्हायचं, गस्त घालायची, आणि त्यात ह्यानं आपल्या शहरातला क्रांती चौक घातला, पैठण गेट घातलं, जालना रोडचे पूल घातले, थेट कन्नडच्या घाटापर्यंत रस्ता नेला. सगळं झकास. पण बॅकअप कसा ठेवला होता त्यानं? बटण दाबलं की गाडी हजर. कुठून? कुठूनच नाय. कोपऱ्यामागं हवेतून पडायची. दाबा बटण, पोलिसांची दुसरी गाडी, दाबा, ॲम्ब्युलन्स, दाबा, अग्निशमनचा बंब. माणसं काय करायची माहितीय? ट्रॅफिक अडवायला बंब बोलवायची. एकानं शहागंजात सायकलचोर पकडायला नऊ गाड्या मागवल्या आणि फोटो टाकला, की बघा माझी ताकद. ताकद म्हणे. शेवटी अझहर म्हणला, आपा, तू कंट्रोल रूमला काम केलंयस, हे तूच नीट कर. केलं मी नीट. आता नीट केलेलं तुम्हाला सोसत नाय.

तुमचाच व्हिडिओ घ्या. निराला बाजारात दरोडा, तुमचा एक हवालदार पडलाय, तुम्ही ॲम्ब्युलन्सचं बटण दाबताय — अकरा वेळा. मोजलं मी. अकरा वेळा दाबल्यावर गाडी पैदा होते का? लिफ्टचं बटण पण असंच दाबत असाल तुम्ही. माझ्या मॉडमध्ये त्या भागाला ॲम्ब्युलन्स किती? दोन. एक होती वेरूळच्या रस्त्याला, पेशंट घेऊन. आणि दुसरी? दुसरी कुठं होती सांगा. — आठवत नाय? मला आठवतं. सिडकोत. तुम्हीच धाडली होती, आठ मिनिटं आधी, एका स्कूटरवाल्याचा गुडघा खरचटला म्हणून. गुडघा! फुंकर मारली असती तर भागलं असतं. गाडी तिथं गेली, पट्टी केली, परत फिरली, आणि तेवढ्यात तुमचा हवालदार गेला. मग स्क्रीनवर काय आलं? ‘गाडी नाही. जवळ जे वाहन मिळेल त्यात घेऊन जा.’ बरोबरच आलं. तुमची जीप दहा पावलांवर होती, मागची सीट रिकामी. पण तुम्ही काय केलं — बटण. कॅमेऱ्याकडं बघून म्हणता, दोस्तों, ये मॉड ही बकवास है. हौ, मॉडच बकवास. तुम्ही शहाणे.

काय? — नाय, परत बोला. हळू बोलू नका, मला ऐकायचंय. गाडी नसली तरी चालेल, उशिरा आली तरी चालेल, पण स्क्रीनवर ‘गाडी निघाली’ एवढं तरी लिहा? म्हणजे खेळणाऱ्याला बरं वाटतं. असं? बरं वाटतं. एवढ्यासाठी आलात? ते नाय लिहिणार मी. गाड्या वाढवून देते, दोनाच्या चार करते, बंब हवेतून पाडायचा असेल तर तो पण पाडते — पण चाक फिरल्याशिवाय ‘निघाली’ नाय लिहिणार. अझहरनं तीनदा लिहिलं होतं ते, तिन्ही वेळा मी पुसलं. तो म्हणला, आपा, एका शब्दानं काय होतं.

एका शब्दानं काय होतं. सांगू? एका संस्थेच्या कंट्रोल रूमला होते मी, ॲम्ब्युलन्सच्या. नाव नाय घेत, बंद पडली आता. हेडफोन लावायचा, कॉल घ्यायचा, गाडी धाडायची. आणि गाडी नसली की? माणूस तिकडं रडतोय, ओरडतोय, त्याला काय सांगायचं? आम्ही सगळ्याजणी म्हणायचो, गाडी निघाली. कुणी शिकवलं नव्हतं, कागदावर पण नव्हतं कुठं. कागदावर एवढंच होतं, फोन करणाऱ्याला धीर द्या. ‘निघाली’ म्हणलं की माणूस गप होतो, श्वास घेतो, तेवढ्यात कुठलीतरी गाडी मोकळी होते आणि खरंच निघते. दहातल्या नऊ वेळा चालून जातं. मी तर त्यात पटाईत होते. माझा आवाज छान आहे म्हणायचे सगळे.

सकाळी नऊ-सव्वानऊचा कॉल. कन्नडच्या घाटाच्या पायथ्याशी, मेंढ्या घेऊन चाललेलं एक जोडपं. बायकोला टेम्पोनं उडवलं, टेम्पो पळून गेला. नवरा बोलत होता, मुंजाबा नाव सांगितलं त्यानं, बायकोचं बानाबाई. शुद्धीवर होती ती, पाणी मागत होती. मागून मेंढ्यांचा आवाज येत होता, लई मेंढ्या. त्या बाजूची आमची एकच गाडी, आणि ती पेशंट घेऊन इकडं शहराकडं येत होती. माझ्या समोर स्क्रीनवर दिसत होती मला, उलट्या दिशेला चाललेली. मी म्हणलं, काका, घाबरू नका, गाडी निघाली. — सवयीनं. विचार करून खोटं बोललं असतं तर निदान… जाऊ द्या.

मग तो म्हणला, बाई, इथं एक जीप थांबलीय, कन्नडला चाललीय, जीपवाला म्हणतो मागची माणसं उतरवतो, हिला घेऊन जातो. घालू का हिला जीपमधी? नीट विचारलं त्यानं, शांतपणे. आणि मी काय म्हणलं? मी म्हणलं, हलवू नका काका, गाडी येतेच आहे, दहा मिनिटं. कन्नड तिथून किती, तुम्ही गेला असाल ना त्या रस्त्यानं? जवळ आहे. त्यानं जीपवाल्याला जा म्हणून सांगितलं. मी ऐकलं. जीप सुरू झाल्याचा आवाज पण ऐकला हेडफोनमध्ये. तेव्हा तरी बोलायचं ना, की थांबवा तिला. एक सेकंद होता. मी पुढचं विचारत बसले, रक्त कुठून येतंय, श्वास कसा चालू आहे.

गाडी पोचली एक तास दहा मिनिटांनी. तोवर मी फोन ठेवला नाय. एक तास दहा मिनिटं बोलत होते मी त्यांच्याशी, खांद्याखाली काय ठेवा, कापड कुठं दाबून धरा. खुर्चीवरून उठले नाय. बाकीच्या पोरी मला पाणी आणून देत होत्या. नंतर वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कॉल कसा सांभाळायचा ते जाहेदाकडून शिका. टाळ्या वाजवल्या त्यांनी. बानाबाई कन्नडपर्यंत पोचलीच नाय, गाडीतच गेली.

एवढंच असतं तरी मी विसरले असते कदाचित. खोटं कशाला बोलू, विसरलेच होते. रोज दोनशे कॉल यायचे. पण वीसेक दिवसांनी तो माणूस आला. मुंजाबा. कन्नडहून एसटीनं, पत्ता विचारत विचारत, डोक्याला रुमाल, हातात काठी. गेटवर वॉचमनला म्हणला, त्या दिवशी फोनवर बोलत व्हत्या त्या बाईला भेटायचंय. मला वाटलं तक्रार करायला आला. जिना उतरून खाली गेले मी. आणि तो हात जोडून उभा. म्हणला, बाई, तुम्ही सोडून गेला नाही. तुमच्या आवाजानं मला लई धीर आला. तुम्ही जे म्हणत व्हता तेच मी तिला सांगत व्हतो, निघालीय गं गाडी, निघालीय, दम धर. शेवटपर्यंत तिची नजर रस्त्याकडंच व्हती.

चहा पाजला मी त्याला. कँटीनमध्ये बसलो. बिस्किट घेतलं नाय त्यानं. आणि मग उठताना म्हणला — रागानं नाय हो, खरंच कळत नव्हतं म्हणून — गाडी कुठं अडकली असंल वो, बाई?

अन् मी म्हणलं, घाटात ट्रॅफिक जाम होतं, काका.

तो म्हणला, व्हय, व्हतंय तिथं तसं. आणि गेला. मी जिना चढून परत हेडफोन लावला. आणखी आठ महिने काम केलं तिथं. अझहरला पण माहीत नाय हे. तुम्हाला का सांगतेय मी… तुम्ही आहात कोण माझे.

बास. उठा आता. तुमच्या चॅनलवर काय बोलायचं ते बोला, मॉड बकवास आहे म्हणा, बाई माजोरी आहे म्हणा. दुसरा मॉड घ्या, हवेतून गाड्या पाडणारे ढीगभर आहेत. नाय, पाणी नकोय मला. जा म्हणलं ना — आणि जाताना दार ओढून घ्या, धूळ येते रस्त्याची.